सातमोहचा पुकारा

ज्यांना विश्वास ठेवायचा नाही त्यांनी इथेच थांबावं. मला राग येणार नाही.

मी आज शहात्तर वर्षांची आहे. आदिलाबादच्या शाळेत तीस वर्षं मुलांना शिकवलं. खोटं बोलणाऱ्या पोरांचे कान मीच पिळलेत. तेव्हा या वयात मला खोटं बोलून काही मिळवायचं नाही.

सन १९५६. कोजागिरीचा आदला दिवस. जागा, बाजारहत्नूरच्या पलीकडच्या जंगलातलं सातमोह.

आणि रात्र नव्हती. चांगली लख्ख दुपार होती. भुतं रात्रीच दिसतात असं ज्यांना वाटतं, त्यांना सातमोह माहीत नाही.

माझं नाव दमयंती. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, लग्नाला सात महिने झालेले. आमचे हे तहसील कचेरीत कारकून. ह्यांचं नाव चिंतामणी. आज लिहिते आहे, पण तेव्हा नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नसे. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. त्यानंतर सगळं ‘अहो’वर चालायचं.

ह्यांना त्याची भारी गंमत वाटायची. माणूस तसा खोडकर. मला ‘बाईसाहेब’ म्हणायचे, तेही घरात कोणी नसताना. आणि रोज छळायचे, “एकदा नुसतं नावानं हाक मार. बघू तरी कसं लागतं कानाला.”

मी काही मारायची नाही. लाजेनं जीव जायचा.

निजामाचं राज्य जाऊन आठ वर्षं झाली होती. आता हैदराबाद राज्यही मोडणार होतं. एक नोव्हेंबरच्या आत सगळी दप्तरं नव्या राज्याच्या हवाली करायची होती. कचेरीत कोणाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. कोण नांदेडकडे जाणार, कोण आंध्रात राहणार, याच गोष्टी दिवसभर. ह्यांनी नांदेड मागितलं होतं. माझं माहेर तिकडचं. मी तर मनातल्या मनात सामान बांधूनही टाकलं होतं.

तेवढ्यात सातमोहचं काम निघालं.

सातमोह हे एकेकाळचं नावाजलेलं गाव. गोंड राजानं बांधलेला तलाव, दगडी पायऱ्या, काठावर मोहाची सात जुनी झाडं. त्या तलावाच्या पाण्यावर काढलेली मोहाची दारू लांबलांबच्या दरबारांत जायची म्हणे. काठानं भट्ट्यांची रांगच होती. पण आठ वर्षांपासून गाव ओस पडलेलं. कचेरीच्या भाषेत असल्या गावाला बेचिराग म्हणतात. जिथे दिवा लागत नाही ते गाव.

पण तसं दप्तरात लिहायचं तर एक रीत होती. गावात जायचं, जुनी यादी घ्यायची, आणि एकेका माणसाचा पुकारा करायचा. तीनदा. कोणी आलं नाही की नावापुढे ‘गैरहाजर’. सगळे गैरहाजर झाले की गाव बेचिराग.

“चल माझ्याबरोबर,” हे म्हणाले. “तलाव बघशील. कमळं असतात. काम काय, तासाभराचं.”

मी हौसेनं निघाले. डब्यात पुरणपोळ्या घेतल्या. तेवढीच अक्कल होती.

इचोड्यापर्यंत मोटार, तिथून बैलगाडी. गाडीवर डोमाजी होता, जवळच्या गावाचा कोतवाल. पन्नाशीचा, हाडकुळा, मोजकं बोलणारा माणूस. त्याच्या गावात मी एका घरी पाणी मागितलं. दारातल्या बाईनं विचारलं, “कोठं चालले?”

“सातमोहला.”

तिनं भरलेला तांब्या माघारी नेला आणि दार लावून घेतलं.

मला फार अपमान वाटला. तोंडावर दार लावायला आम्ही काय चोर होतो?

जंगलात एका जागी डोमाजीनं बैल थांबवले. पुढे पायवाट दिसत होती. त्यानं कमरेची बाटली काढली आणि डाव्या हाताच्या करंगळीवरून तीन थेंब जमिनीवर सोडले.

“हे काय रे, सरकारी कामावर दारू?” हे म्हणाले.

“पेत नाई, सायेब. त्यायले देऊन राह्यलो. सातमोहवाले असेच सोडत. डाव्या करंगळीवरून. दुसऱ्या गावात कोनी असं नाई करत.” त्यानं बाटली बंद केली. “तुमी जा. मी समोर येत नाई.”

“काऊन?” ह्यांनी विचारलं.

डोमाजी बराच वेळ बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिला. मग त्यानं जे सांगितलं, ते मला आजही जसंच्या तसं आठवतं.

“पोलीस ॲक्शनच्या साली तिथं पटकी आली. रस्ते बंद, डाक्टर नाई. आमच्या गावानं ठरवलं का तिथलं मानूस इकडं येऊ द्याचं नाई. मंग आमी ह्या वाटेवर काट्या लावल्या. बाभळीच्या. मी सोता तोडल्या. थे लोकं काट्यापाशी येऊन हाका मारत. एकेकाचं नाव घेऊन. मलेबी मारत. अकरा दिवस मारल्या.”

“मग?”

“कोनी ओ देल्ली नाई. मंग हाका बंद झाल्या.”

ह्यांचा चेहरा उतरला. पण कारकुनी रक्त. म्हणाले, “म्हणून तर आलो. निदान त्यांची नावं तरी नीट मिटवू.”

डोमाजी माझ्याकडे पाहून म्हणाला, “बाई, तिथलं पानी पेऊ नका. अन् दिवस कलाच्या आत या.”

आम्ही निघालो.

गाव कसं होतं म्हणाल, तर घरांच्या भिंती उभ्या होत्या, छपरं बसली होती. दारं मात्र सगळी लावलेली. आतून.

तलाव खरंच देखणा होता. हिरवं, जड पाणी. काळ्या दगडाच्या पायऱ्या खाली पाण्यात गेलेल्या. पण कमळ एकही नव्हतं.

पक्षीही नव्हता.

आणि वास येत होता... आंबलेल्या मोहफुलांचा. जवळच भट्टी पेटली असावी तसा. मोह फुलतो फागुन-चैतात. हा आश्विन होता.

“जुन्या रांजणांतून येत असेल,” हे म्हणाले. मला ते पटलं नाही.

पुकारा खरं तर चपराशानं करायचा. तो तापानं घरी पडलेला. डोमाजी सीमेवर बसलेला. ह्यांनी यादी माझ्या हातात दिली. उर्दू यादी ह्यांनी स्वतः मराठीत उतरवून घेतली होती.

“तू पुकार, मी लिहितो. आणि एक ध्यानात ठेव. नुसतं नाव घ्यायचं नाही. वल्द अमुक, म्हणजे बापाचं नाव, ते म्हणायचंच. नाहीतर एका नावाचे दोघं असले की भलताच उभा राहतो.”

मी हसले. इथे कोण उभं राहणार होतं?

एकतीस नावं होती. मी पायरीवर उभी राहिले.

“मारोती वल्द संभा, हाजिर है?”

एकदा. दोनदा. तीनदा.

कोणीच नाही. ह्यांनी लिहिलं, गैरहाजर.

“उद्धव वल्द लखमा, हाजिर है?”

गैरहाजर.

“बयनाबाई जौजे उद्धव, हाजिर है?”

गैरहाजर. बायकांना वल्द नव्हतं. कोणाची बायको, तेवढं सांगितलं की झालं.

पाच-सहा नावं झाली. मला जरा मजाच वाटू लागली. आवाजही मोकळा झाला.

मग माझं लक्ष पायऱ्यांकडे गेलं.

पाण्याच्या वरची पहिली पायरी ओली होती. मी आले तेव्हा ती कोरडी होती, हे मला पक्कं आठवत होतं. मघाशी तिच्यावरच मी डबा ठेवला होता.

पुढचं नाव पुकारलं. तिसऱ्या हाकेला... दुसऱ्या पायरीवर ओलं पाऊल उमटलं.

वारा नव्हता. पाणी हलत नव्हतं.

“अहो, पायऱ्या बघा.”

“दगड पाझरतो,” हे म्हणाले. मान खाली घालून लिहीतच होते. “थांबू नको. उन्हं कलतील.”

मी पुकारत राहिले. का राहिले, देव जाणे. तेव्हा नवऱ्यानं सांगितलेलं काम अर्धवट टाकायची पद्धत नव्हती. नाव घेतलं की एक पाऊल. कधी मोठं, कधी बाईचं, जोडव्यांच्या खुणेसकट. एक तर इतकं लहान की माझ्या तळहातात मावलं असतं.

पावलं वर येत होती.

आणि मला ते कळलं. इथे आमचं स्वागत नव्हतं. दया मागणारंही कोणी नव्हतं. दबा धरून बसलेल्या माणसांपुढे उभं राहिल्यावर जसं वाटतं, तसं वाटत होतं. आठ वर्षांपूर्वी ही माणसं हाका मारत होती तेव्हा कोणी आलं नाही. आता आम्ही आलो होतो, आणि तेही त्यांना मिटवायला.

तिसावं नाव झालं. पावलं माझ्यापासून तीन पायऱ्यांवर थांबली होती.

मी एकतिसावं नाव पाहिलं.

चिंतामणी वल्द फकिरा.

“काऊन थांबली?” हे म्हणाले. मी वर पाहिलं, तर हे गालातल्या गालात हसत होते.

त्यांना माहीत होतं. यादी त्यांनीच उतरवली होती. हे नाव मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, माझ्या तोंडून वदवून घ्यायला. एवढ्यासाठी मला जंगलात आणलं होतं म्हणा ना.

“सरकारी काम आहे, बाईसाहेब. नाव घ्यावंच लागेल.”

“मी नाही घेणार. चला इथून. मला भीती वाटते.”

“एकच तर राहिलंय.”

“नाही म्हणजे नाही.”

माझा हट्ट होता. लाज होती, भीतीही होती. आज वाटतं, घेतलं असतं मी ते नाव, तर नुसतं एक पाऊल उमटलं असतं. तेवढ्यावर भागलं असतं.

हे उठले. तलावाकडे तोंड करून, चपराशासारखा सूर लावून त्यांनी स्वतःच पुकारा केला.

“चिंतामणी वल्द फकिरा, हाजिर है?”

एकदा. दोनदा. तीनदा.

मग माझ्याकडे वळून डोळे मिचकावले, आणि म्हणाले,

“हाजिर.”

थट्टा होती ती. मला हसवायला केलेली.

मला हसू आलं नाही. कारण त्यांच्या पाठोपाठ, खालून, पाण्याच्या अगदी जवळून आणखी कोणीतरी म्हणालं...

“हाजिर.”

ह्यांचं हसू तिथेच थांबलं. चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्या हसण्यामागे कोणी नव्हतं. त्यांनी दप्तर उचललं, शेवटच्या नावापुढे ‘हाजिर’ लिहिलं, लेखणी नीट ठेवली.

आणि पायऱ्या उतरू लागले.

“अहो.”

ऐकलं नाही.

“अहो, कुठे चाललात? अहो, ऐका ना.”

पाणी घोट्याला लागलं. गुडघ्याला लागलं. मी धावले. दोन पायऱ्या उतरले आणि पुढे जाताच येईना. समोर कोणी दिसत नव्हतं, पण दाटीवाटीनं माणसं उभी असावीत तसं झालं होतं. गार, ओली माणसं. खांद्याला खांदा लागत होता.

ती मला वाट देत नव्हती.

पाणी ह्यांच्या छातीला आलं. मी ‘अहो, अहो’ करून घसा फोडत होते. पण अहो तर प्रत्येकीचाच नवरा असतो. ते वळले नाहीत.

मग मी नाव घेतलं. हाक म्हणून आयुष्यात पहिल्यांदा, ओरडून.

“चिंतामणी!”

पाणी गळ्याला.

“चिंतामणी!”

डोकं गेलं पाण्याखाली. वर फक्त वलयं राहिली.

“चिंतामणी!”

किती वेळ गेला सांगता येत नाही. मी पायरीवर पडून होते.

मग पाणी फुटलं, आणि ते वर आले. खोकले नाहीत, दम लागला नाही. सावकाश पायऱ्या चढून आले. माझ्यासमोर उभे राहिले, माझ्याकडे नीट पाहिलं. नव्या माणसाकडे पाहावं तसं.

मी त्यांना मिठी मारून रडले. अंग बर्फासारखं गार होतं. चालेल, म्हटलं. आहेत तर खरे.

पायऱ्या सगळ्या कोरड्या झाल्या होत्या.

आम्ही परत वाटेवर आलो, तर वाट बंद होती.

बाभळीच्या काट्या. माणसाच्या उंचीच्या. ताज्या तोडलेल्या, हिरव्या... डिंक अजून ओला होता.

मी जागीच थांबले. पण हे थांबले नाहीत. डावीकडे वळले, पडक्या भट्ट्यांच्या मागून, रांजणांच्या मधून, एका ओहोळातून मला बाहेर घेऊन आले. एकदाही अडखळले नाहीत. आमचे हे आदिलाबादच्या बाजारात रस्ता चुकायचे.

डोमाजी गाडीपाशी होता. त्यानं ह्यांचे ओले कपडे पाहिले आणि घाबरून बाटली पुढे केली. “घ्या सायेब, ऊब येईन.”

आमच्या घरात कोणी दारूला शिवलेलं नव्हतं. ह्यांनी बाटली घेतली. आधी डाव्या हाताच्या करंगळीवरून तीन थेंब जमिनीवर सोडले. मग प्यायले.

डोमाजी ह्यांच्या हाताकडे बघत राहिला. मग बैल जुंपले, आणि गाव येईपर्यंत त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. उतरताना मला हळूच म्हणाला, “बाई, तुमी तिथं कोनाले हाक मारली काय?”

मी म्हटलं, “ह्यांना.”

“बापाचं नाव घेतलं होतं?”

मी ह्यांच्या मागे चालू लागले.

सातमोह बेचिराग झालं नाही. यादीत एक माणूस हाजिर होता, तोही कारकुनाच्या स्वतःच्या अक्षरात. वरचे साहेब भडकले, पण एक नोव्हेंबर उजाडला होता. गाव दप्तरात तसंच राहिलं. ह्यांनी नांदेडचा अर्ज मागे घेतला. कारण विचारलं तर म्हणाले, “इथलं पाणी सोडवत नाही.”

पुढे सेहेचाळीस वर्षं संसार केला आम्ही. त्यांनी मला कधी दुखवलं नाही. मुलांना शिकवलं. दारूला पुन्हा हातही लावला नाही. पण चहा असो, पाणी असो, आधी तीन थेंब जमिनीवर. फरशी मी रोज पुसायची.

आणि ‘बाईसाहेब’... ते पुन्हा कधीच म्हणाले नाहीत. नाव घे म्हणून छळलंही नाही. सुरुवातीला मी वाट पाहायची. आज थट्टा करतील, उद्या करतील. मग वाट पाहणं सोडलं. माणूस बदलतो, बुडता बुडता वाचलाय, असं स्वतःला सांगितलं. रात्री शेजारी झोपलेल्या माणसाकडे बघत कितीदा सांगितलं, त्याला गणती नाही.

अकरा वर्षांपूर्वी ते गेले. शेवटच्या आजारात एका दुपारी त्यांनी माझा हात धरला. शुद्धीत होते.

“तेव्हा हाक कोणाला मारली होती तू?”

“तुम्हालाच.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर बोलले नाहीत.

हे सगळं मी कोणालाच सांगणार नव्हते. पण गेल्या महिन्यात शेजारचे केशवराव चहाला आले. ते मित्रांबरोबर सातमोहचा तलाव बघायला गेले होते. आता कच्चा रस्ता झालाय म्हणे, लोक फोटो काढायला जातात.

“जागा छान आहे, काकू. पण बसवत नाही. हाकलून देतंय कोणी असं वाटते,” ते म्हणाले. “अन् दुपारी पाण्याकडून आवाज येते. माणसाचा. तरुण माणसाचा वाटते.”

मी विचारलं, “काय म्हणतो?”

“बाईसाहेब, बाईसाहेब. बस, दोनदा. तिसऱ्यांदा नाही.”

तो शब्द मी माझ्या मुलांनाही कधी सांगितला नव्हता.

सगळे म्हणतात, भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी हाक आली तरच ओ द्यावी. मी सत्तावन्न वर्षं एका माणसाला त्या पाण्यात ठेवून बसले. त्याच्या दोन हाकांना ओ द्यायला कोणी गेलं नाही.

परवा दुपारची गाडी ठरवली आहे. मुलांना नातेवाइकांकडे जाते म्हणून सांगितलंय. पुरणपोळ्या करून ठेवल्यात.

या वेळी पुरतं नाव घेणार आहे. चिंतामणी वल्द गोपाळराव. सासऱ्यांचं नावही आजवर कधी घेतलं नव्हतं, म्हणून सकाळपासून आरशासमोर म्हणून बघतेय.

दोनदा म्हणते. तिसऱ्यांदा म्हणायची अजून छाती होत नाही. कारण मघाशी दुसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा स्वयंपाकघरातल्या कोरड्या फरशीवर पाण्याचे तीन थेंब पडले होते, मी रोज पुसायची तसेच.